स्कॉटिश हायलँड्स रेल्वेने: ग्लासगो, मॅलेग, स्काय, काइल, इन्व्हरनेस (कार न घेता)

रूळवाट

यूकेत राहणाऱ्यांकडे घरची मंडळी आली की हायलँड्सचा बेत ठरतो आणि पाठोपाठ भाड्याची कार येते. मग जो चालवतो त्याला अरुंद रस्ता आणि समोरून येणारा ट्रक एवढंच दिसतं. हा सगळा भाग रेल्वेने फार चांगला बघता येतो. फक्त बेत हॉटेलांवरून न आखता वेळापत्रकावरून आखावा लागतो. म्हणून हा धागा. आपापली भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

बहुतेक जण ग्लासगोहून मॅलेगला जातात आणि त्याच रुळांवरून परत येतात. परतीचे पाच तास त्याच वाटेत जातात. त्याऐवजी मॅलेगहून बोटीने स्काय बेटावर उतरावं, बेटाचं दक्षिण टोक ओलांडून काइल ऑफ लॉखॅल्शला यावं आणि तिथून दुसऱ्या मार्गाने इन्व्हरनेस गाठावं. दोन्ही रेल्वेमार्ग समुद्रापाशी संपतात, मधली फट बोट आणि बस भरून काढतात. इन्व्हरनेसहून पर्थमार्गे एडिनबरा. म्हणजे कुठलाही पट्टा दोनदा होत नाही.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ग्लासगोहून मॅलेगकडे आठवड्याच्या दिवसांत जेमतेम तीन गाड्या सुटतात: सकाळी सव्वाआठ, दुपारी सव्वाबारा आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला. रविवारी त्याहून कमी. इन्व्हरनेस-काइल मार्गावर दिवसाला चार. वेळापत्रक मेच्या मध्यावर आणि डिसेंबरच्या मध्यावर बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा कुणाचा कागद घेऊन निघू नका.

माझ्या मते बेत असा असावा:

पहिला दिवस: ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून सकाळची गाडी, पावणेचार तासांत फोर्ट विल्यम. मुक्काम तिथेच. क्वीन स्ट्रीटला दोन पातळ्या आहेत. ही गाडी वरच्या फलाटांवरून सुटते, जमिनीखालच्या नाही.

दुसरा दिवस: फोर्ट विल्यमहून साडेआठच्या सुमाराची मॅलेग गाडी, ३५ मिनिटांत ग्लेनफिनन. तिथे उतरून तिथल्या प्रसिद्ध कमानींच्या रेल्वेपुलाकडे चालत जायचं. दुपारच्या गाडीने पुढे मॅलेग, मग बोट.

तिसरा दिवस स्कायला. चौथ्या दिवशी काइलहून इन्व्हरनेस. पाचवा दिवस इन्व्हरनेसला राखीव, तो कशासाठी ते खाली येईलच. सहाव्या दिवशी एडिनबरा.

ग्लासगोच्या गाडीबद्दल एक सूचना. ती निघते तेव्हा बऱ्याचदा पुढचे डबे एका गावचे आणि मागचे दुसऱ्या गावचे असतात. क्रियनलारिख स्टेशनात गाडी तुटते, अर्धी ओबनला आणि अर्धी फोर्ट विल्यमला. कुठला भाग कुठे जाणार हे डब्यावरच्या पाटीवर आणि घोषणेत असतं. ग्लासगोलाच बघून बसा. ओबनच्या डब्यात बसलात तर क्रियनलारिखला सामान घेऊन पळावं लागतं.

---

कातळशिल्प

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. खिडकीचं मी लिहितो, कारण ‘डावीकडे बसा’ एवढं सांगून लोक मोकळे होतात आणि ते अर्धंच खरं आहे.

ग्लासगो ते फोर्ट विल्यम, जाण्याच्या दिशेने: सुरुवातीला क्लाइड नदीचं रुंद मुख डावीकडे. मग गेअरलॉख आणि लॉख लाँग (लॉख म्हणजे सरोवर किंवा समुद्राची खाडी), दोन्ही डावीकडे आणि खूप खाली. आरोखर अँड टार्बेट स्टेशनानंतर मात्र गाडी लॉख लोमंडच्या पश्चिम काठाने जाते, म्हणजे पाणी उजवीकडे. आर्डलुईपर्यंत हाच प्रकार. क्रियनलारिखनंतर परत डावी बाजू. टिन्ड्रम आणि ब्रिज ऑफ ऑर्की यांच्या मध्ये घोड्याच्या नालेसारखं वळण आहे. दरी थेट ओलांडायला लांबलचक पूल लागला असता, तेवढे पैसे कंपनीकडे नव्हते, म्हणून रूळ दरीच्या आत वळवून दोन छोट्या पुलांवरून पलीकडच्या डोंगरावर नेले. नालेची आतली बाजू डावीकडे येते. पुढे लॉख ट्रेगही डावीकडे.

आता महत्त्वाचं. फोर्ट विल्यमला रूळ संपतात. मॅलेगला जाणारी गाडी तिथे तोंड फिरवते, ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे ग्लासगोपासून जी तुमची डावी खिडकी होती ती आता उजवी झाली. आणि मॅलेगपर्यंत पुन्हा डावी बाजूच हवी: लॉख आयल, ग्लेनफिननचं वळण, लॉख शील, सगळं तिकडे. थेट गाडीने जाणार असाल तर फोर्ट विल्यमला बरेच जण उतरतात, तेव्हाच पलीकडच्या रांगेत सरका. सामान आधीच जागच्या जागी असेल तर मिनिटभरात होतं.

काइल ते इन्व्हरनेस: पहिला तासभर डावीकडे बसा, लॉख कॅरन अगदी रुळांना खेटून आहे.

आणखी एक. दोन डब्यांच्या जुन्या डिझेल गाड्यांत प्रत्येक आसनाला पूर्ण खिडकी मिळत नाही, काहींच्या समोर नुसता खांब येतो. टेबलाच्या चार जागा असतात तिथे खिडकी पूर्ण मिळते. आरक्षण फुकट होतं, तेव्हा टेबलच मागा.

---

सांजपर्व

कोळशाच्या इंजिनाची गाडी, जॅकोबाइट, तीच घ्यावी ना? हॅरी पॉटरच्या सिनेमात दिसल्यापासून मुलांना तीच हवी असते. साध्या गाडीतून तो पूल तसाच दिसतो का?

---

रूळवाट

@सांजपर्व, रूळ तेच, पूल तोच, सरोवरं तीच. जॅकोबाइट स्कॉटरेलची (साध्या गाड्या चालवणारी कंपनी) नाही, वेगळ्या कंपनीची आहे. तिकीट वेगळं, भाडं साध्या गाडीच्या कितीतरी पट, आणि कुठलाही रेल्वे पास तिला चालत नाही. ती साधारण वसंतापासून शरदापर्यंतच धावते आणि उन्हाळ्याच्या जागा महिनोन् महिने आधी संपतात. शिवाय पूल बघायचा असेल तर इंजिन पुलावर असताना बाहेर असणं जास्त चांगलं. आत बसल्यावर वळणावर पुढचे डबे दिसतात तेवढेच.

म्हणूनच वर साडेआठची गाडी सुचवली. नऊच्या आगेमागे ग्लेनफिननला उतरलात की स्टेशनातूनच पाऊलवाट डोंगराच्या कडेने पुलाच्या वर जाते. सकाळची जॅकोबाइट फोर्ट विल्यमहून सव्वादहाच्या सुमाराला सुटून पावणेअकराच्या आसपास पुलावर येते. तोवर जागा धरून बसता येतं. कारने येणाऱ्यांची खरी पंचाईत गाडी लावायची असते, तिथला तळ सकाळीच भरतो. रेल्वेने येणाऱ्याला तो प्रश्नच नाही. दुपारची साधी गाडी पाऊणच्या पुढे ग्लेनफिननला येते, ती पकडून मॅलेग. रुळांवर किंवा पुलावर चढू नका, तो गुन्हा आहे.

---

ओवीकार

पुलाबद्दल थोडं. २१ कमानी, ३८० मीटर लांब, सुमारे ३० मीटर उंच. फोर्ट विल्यम-मॅलेग मार्ग १९०१ मध्ये उघडला. पूल काँक्रीटचा आहे आणि आत लोखंडी सळ्या नाहीत. इथला दगड फार कठीण, घडवायला महाग, म्हणून ठेकेदार रॉबर्ट मॅकअल्पाइन यांनी या मार्गावर सर्रास काँक्रीट वापरलं. जवळून बघितलं तर कमानींवर लाकडी साच्याच्या फळ्यांच्या आडव्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. खालच्या वाटेने गेलात तर खांबाला हात लावून बघा.

पण मला विचाराल तर या मार्गातला सगळ्यात मोठा पराक्रम ग्लेनफिनन नाही, रॅनख मूर आहे. ब्रिज ऑफ ऑर्कीच्या पुढे जी ओसाड पठारी दलदल लागते ती. १८९४ मध्ये मार्ग उघडला, त्याआधी तिथे भराव टाकला की पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात) गडप व्हायचा, कारण तळ लागतच नव्हता. शेवटी झाडांची मुळं, फांद्या आणि झुडपांचे थर अंथरले, त्यावर हजारो टन माती आणि राख टाकली आणि त्या तरंगत्या बिछान्यावर रूळ बसवले. आजही गाडी तिथे किंचित हेलकावते. काम पैशांअभावी बंद पडायची वेळ आली तेव्हा रेन्टन नावाच्या संचालकाने स्वतःची संपत्ती घातली. रॅनख स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला एक मोठा धोंडा आहे, त्यावर मजुरांनी त्याचा चेहरा कोरलाय. गाडी थांबते तेवढ्यात खिडकीतून दिसू शकतो, शोधा.

लॉख ट्रेगच्या काठचे रूळही मूळचे नाहीत. फोर्ट विल्यमच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला वीज हवी म्हणून सरोवराला धरण बांधलं, पाण्याची पातळी वाढली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्गाचा काही भाग वर सरकवावा लागला.

---

पायवाटकरी

रॅनखच्या पुढचं स्टेशन कॉराउर, उंची ४०८ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सर्वांत उंच स्टेशन. तिथे सार्वजनिक रस्ता जात नाही. तिथे उतरून चालायला जाण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तो योग्यच आहे: लॉख ऑसियनपर्यंतची वाट सोपी आहे, दीड-दोन किलोमीटर, लहान मुलांनाही जमते. पण पुढची गाडी काही तासांनी असते आणि चुकली तर बस किंवा टॅक्सी मिळणार नाही. रेल्वेने बदली बस लावली तरी ती कॉराउरला येऊ शकत नाही. तेव्हा उतरण्याआधी दोन गोष्टी बघा: परतीची गाडी त्या दिवशी चालू आहे ना, आणि स्टेशनातलं उपाहारगृह उघडं आहे का. ते हंगामी आहे. हिवाळ्यात तिथे उतरू नका, निदान पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तरी.

---

नदीकाठ

रूळवाट यांचा बेत छान आहे, पण स्कायचा दुवा कच्चा आहे हे ठळक लिहायला हवं. मॅलेगला स्टेशनपासून धक्का पाच मिनिटांवर. कॅलमॅकची बोट आर्मडेलला जाते, प्रवास पाऊण तासाचा. पायी प्रवाशांना जागा सहसा मिळते. पण वारा वाढला किंवा बोटीत बिघाड झाला की फेरी रद्द होते, आणि हिवाळ्यात मुळातच फेऱ्या कमी.

खरी मेख आर्मडेलला आहे. तिथे गाव असं काही नाही. आर्मडेल ते ब्रॉडफर्ड साधारण २६ किलोमीटर आणि या रस्त्यावर दिवसाला मोजक्या बस. प्रत्येक बोटीला बस जोडलेली नसते. रविवारी तर जवळपास विसराच. म्हणून क्रम उलटा लावा: आधी आर्मडेलची बस शोधा, तिच्याआधी पोचणारी बोट, आणि त्या बोटीआधी निदान तासभर मॅलेगला येणारी गाडी. बस जुळत नसेल तर ब्रॉडफर्डची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, धक्क्यावर उभी मिळत नाही. ब्रॉडफर्डला पोचलात की प्रश्न सुटला, कारण तिथून सिटीलिंकच्या लांब पल्ल्याच्या बस पूल ओलांडून काइलला जातात. मुक्कामही ब्रॉडफर्डलाच करा. पोर्ट्री सुंदर आहे, पण रेल्वेला जोडण्यासाठी लांब पडतं.

बोट रद्द झालीच तर: मॅलेगहून गाडीने परत फोर्ट विल्यम, तिथून सिटीलिंकची बस लॉख नेसच्या काठाने दोन तासांत इन्व्हरनेस. या दोन गावांमध्ये रेल्वे नाहीच. मग काइलचा मार्ग इन्व्हरनेसहून जाऊन-येऊन करायचा. राखीव दिवस यासाठीच.

---

रूळवाट

@नदीकाठ, बरोबर. बोटीआधी तासभर का, हेही लिहितो. हा मार्ग जवळजवळ सगळा एकेरी आहे. गाड्या ठरावीक स्टेशनांतच एकमेकींना ओलांडतात, कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला थांबतात तशाच. पुढच्या टप्प्यात शिरायला ड्रायव्हरला फोर्ट विल्यमजवळच्या बनावीच्या नियंत्रण कक्षातून रेडिओवर परवानगी मिळते, ती एका वेळी एकाच गाडीला. समोरची गाडी २० मिनिटं उशिरा असेल तर तुमचीही तेवढी थांबते. पडलेलं झाड, पाण्याने उखडलेला भराव, रुळांवर हरणं, ही नेहमीची कारणं. काइलच्या मार्गावर स्ट्रोमफेरीजवळ रस्ता आणि रूळ एकाच कड्याखालून जातात आणि तिथे दरडी येतात. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी या गाड्या कमी वेगाने चालवतात किंवा बंदच ठेवतात. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, दोनदा तपासा.

उशीर ३० मिनिटांच्या वर गेला तर भरपाई मागता येते: तासाच्या आत असेल तर एकेरी भाड्याचा निम्मा भाग, त्याहून जास्त असेल तर पूर्ण एकेरी भाडं. अर्ज २८ दिवसांत करायचा, तिकीट जपून ठेवा.

---

केवडा_लंडन

लंडनकरांसाठी: यूस्टनहून रात्री कॅलेडोनियन स्लीपर थेट फोर्ट विल्यमला जाते, शनिवारची रात्र सोडून. सकाळी दहाच्या सुमाराला पोचते, म्हणजे लॉख लोमंडपासून रॅनख मूरपर्यंत सगळं उजेडात मिळतं (डिसेंबर-जानेवारीत सुरुवातीचा भाग अंधारात). दोन सूचना. एक, नुसत्या बैठकीचं तिकीट घेतलंत तर पहाटे एडिनबराला डबा बदलावा लागतो, झोपेचं खोबरं होतं. आईवडिलांसाठी खोलीच घ्या. दोन, खोली स्वस्त नाही, पण रात्रीच्या हॉटेलचा खर्च वजा करून हिशेब करा.

---

सांजपर्व

सगळ्यांचे आभार. तिकिटांचं कोडं अजून सुटत नाहीये. आम्ही दोघं, वर ६८ आणि ७१ वर्षांचे आईबाबा. पास घ्यावा की सुटी तिकिटं? आणि जेवणाचं काय, बाबा शाकाहारी आहेत.

---

कातळशिल्प

@सांजपर्व, तिकिटांचं आधी.

आईबाबांसाठी सीनियर रेलकार्ड घ्या. ६० वर्षांवरच्या कोणालाही मिळतं, यूकेचे रहिवासी असायची अट नाही, वयासाठी पासपोर्ट चालतो. एकतृतीयांश सूट. तुम्हा दोघांना टू टुगेदर कार्ड, पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही! म्हणजे सव्वाआठची ग्लासगो गाडी आणि साडेआठची ग्लेनफिनन गाडी, दोन्हींना उपयोग नाही. शनिवारी निघालात तर पहिल्या दिवशी चालेल.

स्वस्तातलं अ‍ॅडव्हान्स तिकीट एकाच ठरावीक गाडीचं असतं आणि मध्ये उतरता येत नाही. ग्लेनफिननला उतरायचंय, तेव्हा त्या टप्प्याला ते घेऊ नका. स्कॉटरेलने सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळेचं वेगळं भाडं बंद केलंय, त्यामुळे साधं तिकीट आता परवडतं.

पास दोन: हायलँड रोव्हर, आठ दिवसांतले कुठलेही चार दिवस, आणि स्पिरिट ऑफ स्कॉटलंड, आठांतले चार किंवा पंधरांतले आठ. मोठ्या वर्तुळाला पास सोयीचा पडतो, कारण गाडी चुकली तर नवं तिकीट लागत नाही. कुठल्या बोटी आणि बस त्यात येतात ते घेताना तपासा. एडिनबरापर्यंतचा शेवटचा टप्पा हायलँड रोव्हरच्या हद्दीबाहेर आहे, त्याचं तिकीट वेगळं.

---

पोळपाट

जेवणाचं मी सांगते. या गाड्यांत खाण्यापिण्याची गाडी येईलच असं धरून चालू नका. फोर्ट विल्यमला स्टेशनला लागूनच मोठं सुपरमार्केट आहे, तिथे दह्याचे डबे, फळं, पाव, हमस, सगळं भरून घ्या. मॅलेग हे मासेमारीचं गाव, शाकाहारी माणसाला सूप आणि बटाटे एवढीच निवड उरू शकते. काइललाही एक छोटं दुकान आहे. निघताना ग्लासगोहून धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेतला की पहिला दिवस निभतो. घरून आणायचं असेल तर यूकेत विमानाने दूध-दह्याचे पदार्थ आणता येत नाहीत हे लक्षात ठेवा. दह्यात मळलेले धपाटे बॅगेत टाकू नका.

सामान: आसनांवरच्या फळीवर मोठी सूटकेस बसत नाही, दाराजवळची जागा चार बॅगांत भरते. माणशी एक मध्यम बॅग. काही फलाट गाडीच्या पायरीपेक्षा बरेच खाली आहेत. बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर पॅसेंजर असिस्ट आधी नोंदवा, गार्ड रॅम्प लावतो. फुकट आहे.

---

ओवीकार

राखीव दिवस शिल्लक राहिला तर इन्व्हरनेसहून उत्तरेला, थर्सो-विक मार्ग. विकपर्यंत साडेचार तासांच्या आसपास लागतात. रस्ता डॉर्नखच्या खाडीवरच्या पुलावरून सरळ जातो, रेल्वे मात्र आत लेअर्गला वळसा घालते, म्हणून इतका वेळ. जाताना उजवीकडे बसा, समुद्र तिकडे. हेल्म्सडेलनंतर गाडी आत वळते आणि फ्लो कंट्री लागते, जमिनीवर चादरीसारख्या पसरलेल्या पीटच्या दलदलींत (ब्लँकेट बॉग) युरोपातली सर्वांत मोठी, २०२४ पासून जागतिक वारसा. फोर्सिनार्डला उतरलात तर स्टेशनच्याच इमारतीत पक्षी संवर्धन संस्थेचं केंद्र आहे आणि फळ्यांची वाट थेट दलदलीत जाते. पण दिवसाला चारच गाड्या, तेव्हा जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. गाडी आधी थर्सोला जाते, मग मागे जॉर्जमासला येऊन विककडे. त्यामुळे जॉर्जमास दोनदा आलं तर दचकू नका.

या आणि काइलच्या मार्गावर बरीच स्टेशनं मागणीवर थांबतात. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. चढायचं असेल तर काही ठिकाणी फलाटावर बटण दाबायचं यंत्र आहे, नसेल तिथे ड्रायव्हरला स्पष्ट दिसेल असा हात दाखवायचा. आडोशाला बसून राहिलात तर गाडी निघून जाते.

इन्व्हरनेस-पर्थ मार्गावरचा ड्रमॉख्टर, ४५२ मीटर, हा ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरचा सर्वांत उंच बिंदू. वर कॉराउर आलंय ते सर्वांत उंच स्टेशन. गोंधळ होतो म्हणून लिहिलं. आणि एडिनबराला फोर्थ पुलावरून जाणारी गाडी निवडा, काही गाड्या स्टर्लिंगमार्गे जातात.

---

सांजपर्व

शेवटचा प्रश्न, मग थांबते. जून की सप्टेंबरअखेर?

---

पायवाटकरी

जूनमध्ये फोर्ट विल्यमला सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सव्वासहाची ग्लासगो गाडीसुद्धा जवळपास पूर्ण उजेडात जाते आणि रॅनख मूर त्या तिरप्या उन्हात बघायला मिळतो. गर्दीही त्या गाडीला कमी. पण मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत मिज असतात, डासाहून खूप बारीक आणि झुंडीने चावणारे. वारा पडला की आणि तिन्हीसांजेला जास्त. गाडीत त्रास नाही, फलाटावर आणि ग्लेनफिननच्या वाटेवर होतो. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी फोर्ट विल्यमला मिळते, चार घ्या.

सप्टेंबरअखेर मिज ओसरतात, दलदलीचं गवत तांबूस होतं, हरणांचे नर ओरडायला लागतात आणि जागा सहज मिळतात. पाऊस दोन्ही वेळी धरूनच चाला. आईबाबा बरोबर आहेत तर सप्टेंबर. फक्त बोट आणि आर्मडेलची बस उन्हाळी वेळापत्रकावर चालू आहेत ना, ते बघून मगच तारखा पक्क्या करा.